डेन पाहुण्यांचा फासा

१

"काका, दिवा नाही," असं म्हणून मधुमिता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसली.

मी तळमजल्यावर पुस्तकांच्या कपाटाआड खुर्ची ओढून वाचत होतो. माडीवर परदेशी पाहुण्यांचं जेवण नुकतंच आटोपलं होतं, आणि पाहुणे वर असले की मी खाली असतो. माझी सारी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. तिथं भिंतीवर शांतता राखण्याची पाटी होती आणि ती पाळणारा बहुधा मी एकटाच होतो.

"कुठं ठेवला होतास?"

"वरच्या हॉलच्या खिडकीत. कारखान्यातून आणला तसाच, तमिळ पेपरात गुंडाळलेला. टॉर्बेनसाहेबांस कॉफीच्या वेळीं दाखवायचा, तोंवर कोण्ही बघूं नये म्हणून. आतां खिडकी मोकळी आहे."

मधुमिता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावरकडे आले, ते इथलेच झाले. घरात आम्ही अजून मराठी बोलतो, आणि पुण्याचे पाहुणे ती ऐकून गालातल्या गालात हसतात. ही मुलगी चेन्नईची बँकेतली नोकरी सोडून परत आली आणि तिनं जवळच्या तिरुवलंचुळी गावात दोन मूर्तिकारांना घेऊन ओतकामाचा लहानसा कारखाना काढला. पोंगलपर्यंत एक तरी मोठी ऑर्डर मिळाली नाही तर तो बंद करून पुन्हा बँकेत जायचं, असं तिनं वडिलांना कबूल केलं होतं.

ती ऑर्डर आज मिळण्यासारखी होती. दक्षिणेत नोकरीधंद्यासाठी राहणाऱ्या डेन, म्हणजे डॅनिश, लोकांचं एक मंडळ आहे. कोणी चेन्नईत पंपांच्या कंपनीत, कोणी कोइमतूरकडे पवनचक्क्यांवर. अधूनमधून सगळे भेटतात, एकमेकांच्या ओळखी करून देतात, अडचणी सोडवतात. नाताळाआधीचं जेवण त्यांच्यात मोठं असतं. यंदा ते तरंगंबाडीचा आपला जुना डेन किल्ला पाहायला निघाले होते, आणि वाटेत कुंभकोणम् लागतं. मधुमितेनं आमची माडी देऊ केली. त्या मंडळात टॉर्बेन नावाचे गृहस्थ होते, जे मायदेशातल्या एका कंपनीसाठी घरात वापरायच्या वस्तू खरेदी करतात.

"दुसरा दिवा नाही का?" मी विचारलं.

प्रश्न विचारल्यावर माझं मलाच उमगलं. आमच्याकडे मेणाचा नमुना करतात, त्यावर कावेरीची माती लिंपतात, मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओततात, मग साचा फोडतात. एका साच्यातून एकच वस्तू. दुसरा दिवा म्हणजे पुन्हा मेणापासून सुरुवात. आणि पाहुण्यांची बस तर कॉफी झाली की सुटणार होती.

"काका, तुम्ही एवढ्या रहस्यकथा वाचल्या आहेत."

"वाचणं निराळं, बाई. मला माझा स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"तो डोक्यावर आहे. चला, उठा."

तेवढ्यात वरून रुक्मिणीअक्काचा आवाज आला. अक्का माझी थोरली बहीण. घर तिच्या आवाजावर चालतं. "बद्री! चौकशी कर काय करायची ती. पण पाहुण्यांच्या पिशव्यांस कोण्ही हात लावाल तर बघा! घरीं आलेल्या माणसाची झडती घ्यायची आपली रीत नव्हे!"

म्हणजे झडतीशिवाय चोर शोधायचा. मी मान खाली घातली, आणि त्याच वेळी फाटकापाशी कोणीतरी स्कूटर सुरू करण्यासाठी लाथा मारत असल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं. सुंदरेश निघाला होता. त्याच्या पायांमधे एक कापडी पिशवी होती, आणि आतली वस्तू दिव्याएवढीच होती.

२

सुंदरेशचं मोठ्या रस्त्यावर पितळेच्या समयांचं दुकान आहे. शेजारी म्हणून मधुमितेनं त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि ती ऑर्डर त्यालाही हवी होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

त्याला जाता मात्र येत नव्हतं. बस फाटकाच्या तोंडाशी लागली होती, आणि तिच्या पुढ्यातच त्याची स्कूटर बंद पडली होती.

"काय सार," तो तमिळमध्ये म्हणाला, "तुम्ही बाहेर? उन्हात?"

मी पिशवीकडे पाहिलं. विचारायचं कसं? पुस्तकांतले गुप्तहेर किती सहज विचारतात. "पिशवीत... म्हणजे, जड दिसते. काही मदत..."

सुंदरेशचा चेहरा उतरला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि पिशवीचं तोंड उघडलं. आत समई होती. पाच मोर, मधोमध एक गजलक्ष्मी, आणि उरलेल्या जागेत घुंगरं.

"माझीच आहे, सार. गुपचूप टॉर्बेनला दाखवावी म्हणून आणली होती. पण यांचा नियम काय, माहीत आहे? जेवताना कोणी माल विकायचा नाही. प्रत्येकानं उठून आपली एक अडचण सांगायची, आणि ज्याला जमेल त्यानं हात वर करायचा. मी उठलो. म्हणालो, माझं दुकान तालुक्यात सर्वांत जुनं. सगळे गप्प! ती बिर्गिटेबाई म्हणाली, फार छान, पण अडचण काय? काय सांगू, सार? माझ्या आयुष्यात कोणी मला अडचण विचारली नव्हती."

"मग काय सांगितलंत?"

"म्हणालो, गुडघा दुखतो. लगेच दोघांनी डॉक्टरांचे नंबर दिले."

मला त्याची दया आली, आणि तो चोर नाही याची खातरीही झाली. चोरीचा माल नेणारा माणूस आपणहून पिशवीचं तोंड उघडून दाखवत नाही.

वर गेलो. बिर्गिटे म्हणजे या मंडळाच्या मुख्य. उंच, पिकल्या केसांच्या, पंपांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. हातातल्या पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ओतून कॉफी थंड करण्याचा प्रयत्न चालला होता आणि बरीच कॉफी साडीवर, म्हणजे त्यांनी हौसेनं नेसलेल्या मधुमितेच्या साडीवर, सांडली होती. मी इंग्रजीत, जमिनीकडे पाहत, म्हणालो की एक वस्तू नाहीशी झाली आहे, आणि विचारायला फार संकोच वाटतो, पण आज इथं कोणी काही उचललं तर नाही?

"चोरी म्हणता?" बिर्गिटे प्रसन्नपणे म्हणाल्या. "हो, मी केली. दोनदा."

३

मी घाईनं खिशातली पेन्सिल काढली.

"टॉर्बेननंही केली," त्या म्हणाल्या. "आणि येप्पेनं तर सर्वांत जास्त. येप्पे, तू किती चोरलंस?"

येप्पे हा पवनचक्क्यांवरचा तरुण इंजिनिअर. त्यानं तोंडातली जिलबी गिळून, आठवतंय का पाहतो, अशी मुद्रा केली.

मग उलगडा झाला. नाताळच्या जेवणानंतर त्यांच्याकडे एक खेळ असतो. प्रत्येकानं एक स्वस्तशी भेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. सगळी पुडकी मधे ठेवायची आणि फासा फिरवायचा. सहा पडले की ढिगातलं एक पुडकं आपलं, एकाला एकच. ढीग संपला की दुसरा डाव: सहा पडले की दुसऱ्याच्या हातातलं पुडकं हिसकावून घ्यायचं आणि आपलं त्याला द्यायचं. कुठंतरी लपवलेलं घड्याळ वाजलं की खेळ संपला. ज्याच्या हाती जे असेल ते त्याचं.

"घड्याळ!" स्वयंपाकघरातून शिवकामी कडाडली. ती आमच्याकडे स्वयंपाक करते आणि मला अय्या म्हणते. "तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवलं होतं, अय्या! झाकण काढते तर आतून किणकिणाट! माझ्या हातातला डबा सुटला. अजून डाळ वेचतेय!"

मी येप्पेकडे वळलो. "पुडकी कोणी गोळा केली?"

"मी."

"कुठून?"

"दिसली तिथून. बाकावरची, खुर्च्यांवरची, खिडकीतली."

मधुमिता किंचाळलीच. "खिडकीतली! काका, झालं! दिवा खेळांत गेला!"

क्षणभर मला वाटलं की मी, आयुष्यात प्रथमच, काहीतरी सोडवलं. पण टॉर्बेननं, म्हणजे त्या अबोल, दाढीवाल्या गृहस्थानं, सावकाश मान हलवली. "खेळ संपल्यावर आम्ही सगळ्यांनी पुडकी उघडली. मला पापड मिळाले. बिर्गिटेला मोजे. येप्पेला उदबत्त्या. दिवा असता तर दिसला असता."

"आणि हिशेबही बरोबर आहे," बिर्गिटे म्हणाल्या. "प्रत्येकानं एक आणलं, प्रत्येकानं एक उघडलं. एक जास्तीचं आलं असतं तर कोणाकडे तरी दोन झाली असती."

डेन लोक आपापल्या पिशव्या आपणहून उलट्या करू लागले. अक्काचं ऐकायला नको म्हणून मी डोळे अर्धवट मिटून घेतले. मोजे, टोप्या, उन्हाचं मलम. दिवा नाही.

टॉर्बेन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. भिडस्तपणा हा एखाद्या अख्ख्या देशाचा स्वभाव असू शकतो हे मला त्या दिवशीच कळलं. आम्ही दोघं आपापल्या पायांकडे पाहत छान उभे होतो.

"तुमची अडचण काय होती?" शेवटी मीच विचारलं. "मंडळात सांगितलेली."

"माझी बायको चेन्नईत आहे. पहिलं मूल व्हायचंय. तिच्या आईला येता येत नाही. अशा वेळी घरात कोणी वडीलधारं असलं तर..." त्यांनी खांदे उडवले. "खेळामुळं विसर पडला. एक पुडकं होतं, जड. का कोण जाणे, ते मला हवंच होतं. दोनदा चोरलं. शेवटी गेलं. पण मानानं गेलं."

मी सहानुभूतीनं मान डोलावली आणि पुढं काही विचारलं नाही. खऱ्या गुप्तहेरानं तिथंच कान टवकारले असते.

खाली नटराज, म्हणजे बसचा ड्रायव्हर, अक्कानं भरलेल्या तांबूलाच्या पिवळ्या पिशव्या बसमध्ये नेत होता: नारळ, विड्याची पानं, सुपारी, प्रत्येक पाहुण्यासाठी एक. "आम्मा," तो कुरकुरला, "या एका पिशवीत नारळ आहे का जातं?"

"गप चाल," अक्का म्हणाली.

नटराजनं हॉर्न वाजवून पाहिला. बस तयार होती. मधुमिता खिडकीच्या रिकाम्या कठड्यावर हात ठेवून उभी होती, आणि तिनं मला हळूच सांगितलं, "राहूं द्या, काका. मी बँकेस आजच लिहितें."

४

मी खोलीच्या मधोमध उभा होतो आणि शिवकामी माझ्या पायांभोवतीनं झाडत होती. खेळाचे फाडलेले कागद ती गोळा करत होती.

छापलेला कागद खाली पडलेला मला बघवत नाही. ही सवय जात नाही. मी वाकून एक तुकडा उचलला. चेन्नईचा इंग्रजी पेपर. दुसरा उचलला, इंग्रजी. बसून ढीगच चाळायला लागलो. शेअर बाजार, क्रिकेट, हवामान. सगळं इंग्रजी.

"अय्या, रद्दी आहे ती," शिवकामी म्हणाली. "वाचायला काय मिळणार?"

"शिवकामी, यात तमिळ कागद होता?"

"नव्हता. असता तर मीच वाचला असता."

मधुमितेचा दिवा तमिळ पेपरात होता. येप्पेनं तो खिडकीतून उचलून ढिगात टाकला, यात मला तरी शंका वाटत नव्हती. मग तो कागद कुठं गेला? फाडलाच नसेल, तर पुडकं उघडलंच नव्हतं. पण डेन माणसाला भेट मिळाली की तो ती तिथल्या तिथं उघडतो. हे तर सगळे आत्ताच सांगत होते. हातात आलेली भेट न उघडता बाजूला कोण ठेवतं?

उत्तर इतकं जवळ होतं की मला ते पटेना. आम्ही ठेवतो. देणाऱ्यासमोर पुडकं फोडणं आमच्या घरात हावरटपणा समजतात.

पण मी तर खाली होतो. मधुमिता वाढण्याच्या गडबडीत. शिवकामी डाळ वेचत. सुंदरेश गुडघ्याच्या डॉक्टरांचे नंबर लिहून घेत. मी बिर्गिटेंकडे गेलो. खात्री नव्हती, म्हणून आवाजही फुटत नव्हता.

"मॅडम, खेळात... सगळे खेळले म्हणालात. सगळे म्हणजे कोण?"

"सगळे! आम्ही सगळे, आणि तुमची बहीण."

"अक्का?"

"ताक घेऊन आल्या होत्या. आम्ही आग्रहानं बसवलं. काय हात आहे त्यांचा! पहिल्याच फेकीला सहा."

अक्का रोज दुपारी शिवकामीशी सोंगट्या खेळते आणि रोज जिंकते. आणि अक्कानं स्वतःचं पुडकं आणलं नव्हतं. डेन लोकांनी आणली ती डेन लोकांपुरती. त्यात एक खेळाडू वाढला, तरी रिकाम्या हातानं कोणी उठलं नाही. म्हणजे एक पुडकंही वाढलं होतं. वाढलेला माणूस आणि वाढलेलं पुडकं यांनी एकमेकांना झाकून टाकलं होतं, म्हणून हिशेब बरोबर आला.

मी साऱ्या घराची चौकशी केली होती. फक्त माझ्या बहिणीला काही विचारलं नव्हतं. आमच्या घरात तिला प्रश्न विचारायची सवयच नाही कोणाला.

"अक्का!" मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. "खेळात तुला मिळालेलं पुडकं कुठं आहे?"

अक्कानं कमरेला पदर खोचला. "तें होय? तें मी देऊन टाकलें."

५

"दिलंस? कोणाला?"

"त्या दाढीवाल्याच्या बायकोस. सकाळीं मधू सांगत होती, पहिलटकरीण आहे, आणि जवळ आई नाही. तिकडे नुसता नारळ पाठवूं? त्याच्या पिशवींत घातलें."

"आत काय आहे ते पाहिलं नाहीस?"

"पाहुणे घरांत असतां पुडकें उघडून बघायचें? तुज वाचून वाचून वेड लागलें, बद्री. आणि तें त्यानेंच मज दिलें. फासा पडला तेव्हां सगळे ओरडले, हिसका, हिसका! मी म्हटलें, दुसऱ्याच्या हातचें मी घ्यायची नाहीं. तेव्हां तो आपण होऊन उठला, दोन्ही हातांनीं दिलें. चांगल्या घरचा मुलगा आहे."

"सगळं घर दिवा शोधत होतं, अक्का!"

"दिवा शोधत होतां. पुडकें कोण्ही विचारलें? मज कोण्ही विचारलें?"

तेवढ्यात खाली बसचं इंजिन घरघरलं. पाहुणे कधी उतरून बसमध्ये चढले ते आम्हाला कळलंच नव्हतं.

मी धावलो. कशासाठीही धावल्याचं मला आठवत नाही, त्यामुळं कसं धावलो ते सांगता येत नाही. चप्पल मात्र जिन्यातच राहिली. बस पुढं सरकू पाहत होती आणि नटराज हॉर्न देत होता, कारण सुंदरेशची स्कूटर अजून तिथंच होती. मी सुंदरेशला हातानं खूण केली: हलू नकोस. तो मोठा चतुर निघाला. त्यानं स्कूटर स्टँडवर लावली, तिच्यावर बसला आणि गुडघा चोळू लागला.

"मिस्टर टॉर्बेन," मी बसच्या दारातून, सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, आणि माझ्याच आवाजानं दचकलो. "ती पिवळी पिशवी. कृपा करून... उघडाल?"

टॉर्बेननी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. पानं, सुपारी, नारळ, आणि खाली तमिळ पेपरातलं पुडकं. ते हातात घेताच त्यांनी ते दोनदा वरखाली केलं, आणि दाढीतून हसू फुटलं. "हे? हे तर तेच!"

"ही तुमच्या बायकोला माझ्या आत्येची भेट," मधुमिता मागून धापा टाकत म्हणाली. "आणि मी तुम्हाला जे दाखवणार होते, तेही."

त्यांनी कागद सोडला, डेन माणसासारखा, तिथल्या तिथं.

दिव्यावर मोर नव्हता, घुंगरू नव्हतं. ओंजळीसारखा खोलगट आकार, वातीसाठी एक लहानसं नाक, आणि बुडाशी बोटं बसतील अशी किंचित वळलेली कड. टॉर्बेन तो फिरवून फिरवून पाहत राहिले. मला वाटलं, आवडला नाही.

"वाईट नाही," ते म्हणाले.

मधुमितेचा चेहरा पडला. बिर्गिटेंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, हसत का नाहीस? मी याला दहा वर्षं ओळखते. याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही."

अक्का तेल आणि वात घेऊन खाली आलीच होती. नवा दिवा न लावता परगावी जाऊ देणं तिला मान्य नव्हतं. बसच्या पायरीवर तिनं तो लावला. साक्कोट्टै गावाकडून वारा येत होता. ज्योत वाकली, आणि त्या वळलेल्या कडेआड जाऊन पुन्हा सरळ झाली.

"हा मी घरी नेणार," टॉर्बेन म्हणाले. "भेट परत करत नाहीत ना तुमच्याकडे? कंपनीसाठी असे पाचशे हवेत. पण जेवताना तू वाढत होतीस, मधुमिता, तुझी पाळी राहिली. आमचा नियम आहे. अडचण सांग."

मधुमितेनं डोळे पुसले. "ओतणं जमेल. माझे मूर्तिकार मेणाचे नमुने एकसारखे करतात. पण घासून झिलई द्यायला माझ्याकडे माणसं नाहीत."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. स्कूटरवरून खाकरण्याचा आवाज आला.

"झिलई करणारी नऊ माणसं माझ्याकडे आहेत," सुंदरेश म्हणाला, आणि त्यानं हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मोर नसले तरी चालेल."

टाळ्या पडल्या. शिवकामीनं जिलब्यांचं ताट खाली आणलं, नटराजनं इंजिन बंद केलं, आणि तरंगंबाडीचा किल्ला आणखी थोडा वेळ थांबला. मधुमितेनं बँकेला काही लिहिलं नाही.

निघताना बिर्गिटेंनी माझ्या हातात एक इवलंसं पुडकं ठेवलं. मी आभार मानले आणि सवयीनं ते सदऱ्याच्या खिशात सरकवू लागलो.

"उघड, रे बद्री," अक्का म्हणाली. "नाहींतर उद्यां पुन्हां गाव धुंडाळावें लागेल."

आत फासा होता. सगळे वाट पाहत होते, म्हणून मी तो बसच्या पायरीवर, दिव्याशेजारी टाकला. सहा पडले.

मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग हात पुढं केला आणि सुंदरेशच्या हातातली शेवटची जिलबी उचलून तोंडात टाकली.